सरकारच्या लेखी बारावी

शिक्षण खात्याच्या कचेरीत शिरण्याआधी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी खेमाला व्हरांड्यात गाठलं. "एम.ए.च्या बराबरीची पदवी हाय, एवढंच म्हणायचं. पुढचं संस्था बघून घेईल."

खेमा राठोड कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. मिशनच्या बोर्डिंगात शिकला, पाद्री व्हायला सेमिनरीत गेला, तत्त्वज्ञानात वरपर्यंत पोचला. दीक्षेच्या तोंडावर मन ठरेना, म्हणून परतला. मिराबाईशी लग्न केलं आणि ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवू लागला. अठ्ठ्याण्णव साली कुणीतरी त्याच्या पदवीबद्दल तक्रार केली आणि खात्यानं चौकशीला बोलावलं. मिराबाईचे दिवस भरत आले होते.

"लायसेन्शिएट म्हणजे काय? लायसन?" खात्याच्या साहेबांनी त्याचं प्रमाणपत्र बघत विचारलं.

"चर्चच्या विद्यापीठात तीन पायऱ्या असतात, साहेब. बॅकलॉरिएट, मग लायसेन्शिएट, शेवटी डॉक्टरेट. मधली मिळाली की सेमिनरीत शिकवता येतं."

"सेमिनरीचं सोडा. आपल्या सरकारची मान्यता आहे?"

सचिवांनी घसा खाकरला. हो म्हटलं तर नोकरी टिकेल, पण उद्या कुणी पुन्हा विचारलं तर? आणि वर्गात कोणत्या तोंडानं खरं-खोटं शिकवायचं?

"न्हाई, साहेब," तो म्हणाला.

आठवड्याच्या आत नोकरी गेली.

फुलसिंगला, त्याच्या बापाला, काही उमगेना. "इतके वर्स शिकून राहिला होतास. मंग तू किती शिकला म्हणायचं?"

"सरकारच्या लेखी बारावी, बा."

चुलीपाशी बसलेली मिराबाई म्हणाली, "मंग तेरावी करा."

लेकीचा, दिपाचा, जन्म झाला आणि खेमानं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बाहेरून नाव घातलं. परीक्षेला हिंगोलीत गेला, तर शेजारच्या बाकावर त्याचीच विद्यार्थिनी, सत्यशीला. ती उठून उभी राहिली.

"सर, तुमची ड्युटी इथं हाय व्हय?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. खेमाला वाटलं, पेपर तिथंच टाकून निघून जावं.

"न्हाई पोरी. माझाबी पेपर हाय. बस खाली."

त्यानं लिहायला घेतलं. त्यानंतर दरसाल तो नव्या पोरांच्या रांगेत बसत गेला. एम.ए. झाल्यावर औंढ्याच्या कॉलेजात तर्कशास्त्राची जागा निघाली. या वेळी खात्याच्या साहेबांनी कागद पाहून नुसती मान हलवली. सेमिनरीतले सोबती तोवर डॉक्टरेट होऊन परदेशी शिकवत होते. खेमानं पहिल्या तासाला खडू उचलला आणि हजेरी घ्यायचं विसरून थेट शिकवायलाच लागला.