खाडीतल्या कॅसेटवरचा धवला

ती घटना आठवली की मला अजूनही आधी गाणं ऐकू येतं आणि मग आरडाओरडा. ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी डोंबिवलीत फौजदार होतो. कोपरपलीकडच्या खाडीत रेती वाहणाऱ्या बार्जने भरदुपारी वऱ्हाडाच्या होडीला धडक दिली. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी कोळीवाड्यातली धवलारीण पाण्यात पडली आणि बुडाली.

बार्जवाला आणि त्याचे मजूर एका सुरात सांगत होते, आम्ही भोंगा दिला, होडीवाल्यानेच वाट सोडली नाही. प्रत्येकाला वेगळं बसवून उलटसुलट विचारलं. जबाब पाठ केल्यासारखे जुळत होते, पण नुसत्या संशयावर कोर्ट चालत नाही. वऱ्हाडासकट सगळं गाव गप्प, कारण निम्म्या घरांची चूल रेतीवर. त्या जबाबांवर अटक झालेला होडीवाला एवढंच म्हणायचा, "साहेब, भोंगा वाजलाच नाय."

मग एका मासळीवालीने आमच्या हवालदाराला हळूच सांगितलं की, धवलारणीची लेक आईचे धवले टेप करते आणि त्या दिवशीही होडीत टेप तिच्या मांडीवर चालू होता.

लेकीने आधी साफ नाकारलं. मग रडत तांदळाच्या डब्यातून कॅसेट काढली. "आयचा आवाज तेवढा राहिलाय, साहेब. तो पन नेनार तुमी?"

मी तिला आधी नक्कल करून देतो, असा शब्द दिला आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या ओळखीच्या कॅसेटवाल्याकडे पंचांसमक्ष ती ऐकली. धवला, बायकांची थट्टा, वल्ह्यांचा आवाज, मग होडीवाल्याची हाक, "अरे, बार्ज फिरव!" आणि धडक. भोंगा कुठेच नव्हता. बार्जवाल्याला ऐकवली, तेव्हा त्याने खरं सांगितलं. भोंगा कधीचाच बिघडला होता आणि बार्जच्या मालकाने सगळ्यांना पढवलं होतं.

होडीवाला सुटला. पुढे चालू भोंग्याशिवाय बार्ज सोडायचा नाही, असा हुकूमही निघाला. हल्ली जहाजात, रेल्वेच्या इंजिनात आवाज टिपणारी यंत्रं बसवतात, त्यावर खर्चाची कुरकुर ऐकली की मला राग येतो. माणूस भितो, विसरतो, विकलाही जातो, हे मी नोकरीभर पाहिलंय.

बऱ्याच वर्षांनी त्या लेकीने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. मांडवात धवलारीण दिसेना, म्हणून मी विचारलं. तिने टेपचं बटण दाबलं.

"दुसरी कशाला आनू, साहेब? माजी आय हाय नं."

लग्न त्या आवाजावरच लागलं.