अणुभट्टीला तयार असलेले साडू

या देशात अणुभट्टी बांधायला सगळ्यांत आधी कोण तयार होतं असं कुणी विचारलं, तर मी बेधडक आमच्या थोरल्या साडूंकडे बोट दाखवीन. सरकार तयार झालं ते नंतर. आमच्या तुळजापूरकडच्या वाशीच्या बसस्टँडमागं साडूंचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. तिफणी, ट्रॉल्या, गुळाच्या कढया, शाळांची फाटकं यांवर उत्तम चाललं होतं. पण भट्टीसाठी लागणारं सामान आता देशातच करून घेणार, असं पुण्याच्या एका कंपनीच्या माणसानं त्यांच्या कानावर घातलं आणि साडू आमच्या हातचे गेले. "भिंतीत बसवायच्या स्टीलच्या प्लेटी लागत्यात, पाव्हणं. आपण देऊ की!" हे ते अशा थाटात म्हणाले, की भट्टी शेजारच्या गल्लीतच चालली आहे असं मला वाटलं.

नमुन्याची प्लेट पास झाली तरच काम मिळणार होतं, आणि ते मिळावं एवढाच त्यांना ध्यास. स्टीलसाठी वेगळी खोली झाली, वेगळी हत्यारं आली, चपला उंबऱ्याबाहेर गेल्या. जी तंबाखू अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, संसारभर विनवून सोडवता आली नव्हती, ती त्यांनी एका सकाळी सोडली. मी कौतुकानं प्लेटीवर हात ठेवला तर केवढ्यांदा ओरडले! "हात काढा! घामात मीठ असतंय!" घरीही तेच. ताटातली भाकरी उजेडाकडं धरून म्हणायचे, "हिला तडा हाय. रिजेक्ट." अक्का शांतपणे भाकरी उचलून न्यायच्या. "मग ऱ्हावा उपाशी."

तपासायला आलेला इंजिनिअर वयानं लहान, पण मोठा सज्जन होता. खोली पाहून खूश झाला. तेवढ्यात साडूंनी त्याला जरा थांबवलं आणि आत गेले. आमच्या साडूंच्या हातून साधी बिजागरीसुद्धा पूजेशिवाय कधी बाहेर गेली नव्हती. ही तर भट्टीची प्लेट. त्यांनी हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ थेट प्लेटीवरच फोडला. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "काका, नारळाच्या पाण्यातही मीठ असतं. आज काही दिसणार नाही, पण पुढं कधीतरी स्टीलला तडा जाईल. भिंतीत गेलेली प्लेट बदलता येत नाही हो."

साडू त्या दिवशी जेवले नाहीत. अक्का म्हणाल्या, "तुळजापूरला जाऊन माफी मागून या." ते चिडून म्हणाले, "कुणाची? आईची का प्लेटीची?" पण गेले. परत आले आणि दुसरी प्लेट करायला बसले. ती पास झाली. काम मिळालं.

साडू आता नाहीत. त्यांच्या प्लेटी कुठल्या भिंतीत बसल्या, हे त्यांना पाहायला मिळालं नाही. तिथं आत कोण सोडणार? माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते येतात ते ट्रक निघाला त्या सकाळचे. प्लेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, लाकडी खोक्यांत ठोकून ट्रकमध्ये चढल्या होत्या. अक्का सवयीनं हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि मग आठवण होऊन मध्येच थबकल्या. साडूंनी खोक्यांकडं पाहिलं. "लेकीला मोकळ्या कपाळानं धाडल्यावानी वाटतंय बघा, पाव्हणं," ते मला म्हणाले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेव्हा साडू अक्कांसमोर जाऊन उभे राहिले आणि टोपी काढून खाली वाकले.

"त्यांचं मला लाव," ते म्हणाले.