मंगलबाई एकदाच बोलल्या

इतकी वर्षं नर्सिंगमध्ये काढलेल्या बाईनं असलं काही लिहावं, याचं माझं मलाच नवल वाटतंय. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि ही भुताची गोष्टही नाही...

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये मी स्टाफ नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात पिशोर गावाकडच्या मंगलबाई ॲडमिट झाल्या. मेंढरांमागं फिरताना पायात काटा मोडलेला, पाय टम्म सुजलेला, अंगात सणकून ताप. बाई जन्मापासून मूकबधिर. सोबत धाकटा भाऊ नामदेव.

डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देऊन दुसरीकडं ऑपरेशनला गेले. टेस्ट डोसला काही रिॲक्शन आली नाही. आता पूर्ण डोस देणं माझं काम. औषध ठरवणं किंवा बदलणं नर्सच्या हातात नसतं — कायद्यानं तो अधिकार डॉक्टरांचाच.

भर दुपार. मंगलबाई ग्लानीत, डोळे मिटलेले. मी सलाईनच्या नळीला सिरिंज लावली...

"ही सुई नगं, बाई."

इतकं स्पष्ट! नामदेव ताडकन उठला. "सिस्टर... आक्का बोलली? आमची आक्का बोलली?" आणि तो रडायलाच लागला.

पेशंट नको म्हणत असेल तर मी पुढं जाऊ शकत नाही, आणि मनानं दुसरं काही देऊही शकत नाही. सिरिंज काढली, डॉक्टर होते तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये फोन लावला.

"पेशंट नको म्हणतेय, सर."

"कोण? मंगलबाई?" सर चमकलेच. "थांबवा. इथलं उरकून येतो."

तेवढ्यात नामदेवनं आनंदानं गावाकडं मामांना फोन केला. सगळं ऐकून मामा म्हणाले, "लहानपणी एका सुईनं पोरगी काळीनिळी पडली व्हती रं. मरता मरता वाचली. तू जन्मला बी नव्हता तवा."

सुई कसली होती, ते मामांना ठाऊक नाही. डॉक्टरांनी येताच हे ऐकलं आणि औषध बदललं. मंगलबाई बऱ्या झाल्या. बोललात कशा, असं मी खुणांनी विचारलं, तर त्या ओठांवर बोट ठेवून नुसत्या हसल्या.

घरी जाताना नामदेव माझ्यापाशी घुटमळला. "सिस्टर, आवाज कसा व्हता वो तिचा? लई आठवून बघतो, पर आता कानात येईना."

मी सांगायला तोंड उघडलं... शब्द आठवत होते, आवाज मात्र माझ्याही कानात येईना.