परीक्षेच्या आदल्या दिवशी घासलेले दात

माझ्या हिरड्या सुजल्यात, या बातमीने आमच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

आमची मीनल डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलला पेशंट ज्याचा त्याने आणायचा, दातांवर भरपूर कीट असलेला. ते परीक्षकांसमोर काढून दाखवायचं. पेशंट नाही, तर सहा महिने वाया. नेरूळभर शोधून पोरगी थकली आणि एक दिवस जेवताना तिने माझ्याच तोंडात टॉर्च मारला.

"बाबा, ब्रश करताना रक्त येतं?"

"येतं ना. म्हणून तर हल्ली वरवर घासतो."

"अहो, कीट साचतं म्हणून रक्त येतं, आणि तुम्ही घासायचंच सोडलंत! दुखत नाही म्हणून कळत नाही. आतलं हाड झिजतं, मग दात हलायला लागतात." एवढं ओरडून तिने मला मिठी मारली. "माझे पेशंट तुम्हीच."

मला भरून आलं. पण टेन्शनही आलं. मोठमोठे डॉक्टर बघणार, आणि मीनलच्या बापाचं तोंड हे असं? (आमच्याकडे कामवाली यायच्या आधी केर काढून ठेवायची पद्धत आहे.) आदल्या दिवशी भाजी आणतो म्हणून वाशीला गेलो आणि एका दवाखान्यात गुपचूप दात लख्ख करून आलो.

परीक्षेला खुर्चीत बसून ऐटीत आ केला. मीनल बघतच राहिली.

"बाबा, कीट कुठंय?"

"काढलं. म्हटलं, तुझी लाज नको जायला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर डबा घेऊन बसलेली आमची ही आत आली. "तरी म्हटलं, काल वाशीला जाऊन भाजी कशी नाही आणली," म्हणाली. मला उठवलं आणि परीक्षकांना विचारून स्वतः खुर्चीत बसली. जन्मभर दातांची बढाई मारणाऱ्या बाईच्या खालच्या दातांमागे एवढं कीट निघालं, की मीनलला शाबासकी मिळाली.

"सोसायटीत बोलायचं नाही," हिने मला बजावलं.

मीनल पास झाली. मला हुकूम सुटला: मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, सहा महिन्यांनी तपासणी.

सहा महिन्यांनी मीनलच्या एका मैत्रिणीची फेरपरीक्षा होती. बिचारी पेशंट शोधत घरी आली, माझ्या तोंडात डोकावली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"थँक्यू काका," ती म्हणाली. "फक्त उद्यापर्यंत वाशीला जाऊ नका."