टाचणीबाईंच्या सात थैल्या

टाचणीबाई कपडे शिवायच्या. काम करताना ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. त्या टाचण्यांमुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा, पोटातली गोष्ट ओठांवर येणं त्यांच्याकडे जरा कठीणच. अकरा वर्षांपूर्वी गाठ निघाली आणि त्यांचा डावा स्तन काढावा लागला. ऑपरेशन दूरच्या शहरात झालं. परत आल्यावर त्यांनी थोरल्या जाऊबाईंना सांगितलं, पित्ताशय काढलं. खरं काय ते नवऱ्याला आणि लेकीला ठाऊक. बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची.

रिकामी बाजू भरायला त्यांनी मऊ कापडाची थैली शिवून तिच्यात मोहरी भरली. पहिली इतकी जड झाली की बाई डावीकडे कलल्या. दुसरी हलकी, ती चालता चालता गळ्याशी यायची. असं करत करत सातवी जमली, आणि पुढे त्याच मापाने त्या नव्या शिवत राहिल्या. जुन्या मात्र टाकवेनात. आपल्या हातचं शिवलेलं टाकायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं.

लेक चित्रकार निघाली. आजार आणि शरीर या विषयावरच्या प्रदर्शनासाठी तिने त्या सातही थैल्या मागितल्या. बाईंनी दिल्या, अट एकच, नाव लावायचं नाही. पण पुतणीचं प्रदर्शन म्हटल्यावर जाऊबाई घरी कशाला बसतात? त्या नवी चप्पल घालून सकाळपासून तयार. टाचणीबाईंचं धाबं दणाणलं.

दालनात एका भिंतीवर एक्स-रे लावले होते, मधोमध गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा झगा उभा होता. जाऊबाई प्रत्येक वस्तूपुढे थांबून मत देत होत्या. "हा झगा धुवायचा कसा गं?" मग तारेला टांगलेल्या थैल्या आल्या. त्या कशासाठी होत्या ते पाटीवर लिहिलं होतं, आणि खाली, 'कर्ती: एक बाई'. जाऊबाईंनी पाटी दोनदा वाचली.

"धीराची आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हिच्या घरात विचारपूस करणारं कुणीच नव्हतं का?"

तेवढ्यात टाचणीबाईंचं लक्ष पाचव्या थैलीकडे गेलं. शिवण उसवली होती आणि मोहरी टपटप खाली पडत होती. मग त्यांना राहवलं नाही. पर्समधून सुईदोरा काढला आणि तिथेच टाके घालायला लागल्या.

पहारेकरी धावत आला. "मावशी, हात लावू नका. कलाकृती आहे ती."

"असेल. पण शिवण माझी आहे," बाई म्हणाल्या, "आणि ती सुटलेली मला बघवत नाही."

बोलून गेल्या आणि मग लक्षात आलं. मागे वळायची हिंमत होईना. लाज वाटत नव्हती. जिच्यासोबत एका स्वयंपाकघरात जन्म काढला तिला फसवलं, याची भीती वाटत होती.

"म्हणजे पित्ताशय आहे तुझं?" मागून आवाज आला.

"आहे, ताई."

"जागेवर?"

"जागेवर."

जाऊबाई शेजारी आल्या आणि मोहरी सांडू नये म्हणून थैलीखाली ओंजळ धरून उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण आवाज करडाच होता.

"अगं बये, तुला सोसायचं नाही म्हणून अकरा वर्षं मी घरात तळणाची कढई चढवली नाही," त्या म्हणाल्या. "घाल आता टाके पटपट. घरी गेल्यावर आधी तेल तापवते."