डावा गुडघा सुनेचा, उजवा माझा

मी चौथीपर्यंत शिकलो, पण हातमागावर सारी उमर गेली. सुतातलं मले कोणी शिकवू नये. मागच्या हिवाळ्यात मात्र दोन्ही गुडघे डांगरासारखे सुजले. खड्ड्यात पाय सोडून मागाच्या पावड्या दाबाव्या, तर डोळ्यांत पाणी.

सून नर्स आहे, रोज बसनं भंडाऱ्याले जाते. म्हणाली, "बाबा, हे मलम लावा. अन् माग बंद करा आता."

"मलम तुलेच ठेव. माह्या बापानं लाल मुंग्यांच्या तेलानं सूज उतरवली होती."

"मुंग्यांनं सूज उतरते का चढते, बाबा?"

झालं! कोणी हसलं की मी मागं हटत नाही. डावा गुडघा तिचा, उजवा माझा: डाव्याले मलम, उजव्याले मुंग्यांचं तेल. दहा दिवस मागावर बसायचं नाही. डाव्याची सूज जास्त उतरली तर माग कायमचा बंद. या अटीले मी तोऱ्यात हो म्हणून बसलो.

आंब्यावर मुंग्यांनी पानं जोडून घरटं केलं होतं. ते लांब बांबूनं खालूनच पाडलं. निम्म्या मुंग्या टोपल्यात पडल्या, निम्म्या माह्या मानेवर. अड्याळच्या बाजारातून जवसाचं तेल आणलं, त्यात त्या काळ्या होईस्तोवर कढवल्या. घरभर असा आंबट वास, की बायको पदर नाकाले लावून ओट्यावर जाऊन बसली.

मोजायले टेप कायले? रोज सकाळी गुडघ्याभोवती सूत फिरवायचं, टोक भिडलं तिथं गाठ मारायची. उजव्याचं सूत लाल, डाव्याचं पांढरं. दोन्ही मागाच्या खुंटीले टांगलेली.

पाचव्या दिवशी पांढरं सूत जास्त आखडलं, म्हंजे डाव्याची सूज जास्त उतरली. जवाएवढंच, पण आखडलं. मी मागाकडं पाहिलं. मग घरात कोणी नाही असं पाहून सुनेचं मलम घेतलं अन् उजव्या गुडघ्याले चोळलं. वरून मुंग्यांचं तेल. पुढं रोज तसंच.

दहाव्या दिवशी बायको पंच. तिनं दोन्ही सुतं ताणून पाहिली. बरोबरीत! मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात ती वाकून हुंगायले लागली.

"अवो, उजव्या गुडघ्याले मलमाचा वास काहून येऊन राहिला?"

सून हसत हसत खालीच बसली. मी छताकडं पाहत म्हटलं, "बरोबरीत सुटलं. कोणी हरलं नाही."

"अन् दहा दिवस पाय लांब करून आराम केला, बाबा, तो कोणत्या सुतानं मोजता?"

मी लांब केलेले पाय जवळ ओढले. हळूच विचारलं, "मागाचं काय?"

"एक घंटा बसायचं, मग उठायचं. कबूल?"

"माह्या मनात तेच होतं," मी म्हटलं.

त्याच दिवशी मागावर बसलो अन् सगळ्यात आधी ती दोन्ही सुतं धोतराच्या काठात विणून टाकली. असला पुरावा खुंटीले लटकत ठेवू नये. तेलाची शिशी मात्र जपून ठेवली आहे. मुंग्यांनी मले दगा दिला नाही; मीच त्यांले दिला.