यांच्या कार्डावरची माझी पुस्तकं

हे गेल्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयातून फोन आला. यंदाचा उत्तम वाचक पुरस्कार यांना मरणोत्तर जाहीर झाला होता. हे म्हणजे माझे पती.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे जरा जोरातच आलं. पलीकडे वाचनालयाचे कार्यवाह होते, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांना वाटलं मी रडतेय.

"काकू, सावकाश. मी नंतर करू का फोन?"

हसण्याचं कारण असं, की यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वर्तमानपत्र वाचायचे, तेही मागच्या पानापासून. सातपूरच्या एका कारखान्यात हे लेथवर होते. पहिली पाळी सुटली की घरी येताना वाचनालयात थांबायचे आणि माझ्यासाठी पुस्तक आणायचे. निवृत्तीनंतरही ती फेरी सुटली नाही, फक्त वेळ संध्याकाळची झाली. जाणारे ते, म्हणून कार्ड त्यांच्या नावावर. मला माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, त्यामुळे ही व्यवस्था मला फार सोयीची होती. द्राक्षांच्या दिवसांत निफाडचे एक सहकारी यांना घरची द्राक्षं द्यायचे. ती आणि कादंबरी एकाच पिशवीतून यायची. काही पानांवर अजून डाग असतील.

अलीकडे वाचनालयाने जुन्या सगळ्या नोंदी कम्प्युटरवर चढवल्या. कोणी किती पुस्तकं नेली ते एका बटणावर दिसायला लागलं आणि सगळ्यांत वर यांचं नाव निघालं.

मी फोनवर खरं सांगितलं नाही. शाळेत यांना कधी कसलं बक्षीस मिळालं नव्हतं. मिळू दे, म्हटलं. कोणाचं काय जातंय?

काय जातंय ते दोन दिवसांनी कळलं. कार्यवाहांनी चौकात लावायच्या फ्लेक्सचं प्रूफ माझ्या फोनवर पाठवलं. मधोमध यांचा फोटो, चष्मा कपाळावर चढवलेला. आणि मागे, नक्षीसारखी, बारीक अक्षरांत, यांनी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव.

मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. यांच्या खांद्यावर ओळीने प्रेमकादंबऱ्या उभ्या होत्या. कारखान्यातले मित्र चौकातून रोज जातात. त्यांनी काय काय म्हटलं असतं ते मला आपोआप ऐकू आलं. डाव्या कानापाशी घटस्फोटाच्या कायद्यावरचं एक पुस्तक होतं. आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा यांना घाबरवायला म्हणून मी ते मागवलं होतं. यांनी ते भाजीच्या पिशवीतून शांतपणे आणून दिलं. वर मी ते वाचायला इतके दिवस लावले, की यांना जाऊन मुदत वाढवून घ्यावी लागली.

इथपर्यंत मी हसत होते. मग शर्टाच्या खिशाजवळ मला ती दोन पुस्तकं दिसली. छातीतल्या गाठीवरची. पुढे डॉक्टरांनी ती गाठ साधी आहे असं सांगितलं आणि विषय संपला, पण त्याआधीचे कित्येक दिवस मी ती पुस्तकं पदराआड धरून वाचली होती. यांना सांगितलं होतं, मैत्रिणीसाठी हवीत. मुलाला तर आजही माहीत नाही. ते आता चौकात, सिग्नलला थांबलेल्या माणसांना वाचायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि वाचनालयात गेले.

"या या, काकू!" कार्यवाह उठून उभे राहिले. "आवडलं ना? मागच्या नावांची आयडिया माझी."

"ती नावं काढून टाका."

"अहो, तीच तर गंमत आहे! नुसता फोटो काय, वाढदिवसाला कोणीही लावतं."

"यांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत. मी वाचलीत."

"म्हणजे... सगळी?"

"सगळी."

त्यांनी कम्प्युटरकडे बघितलं, जणू तो आता काहीतरी बोलेल. "पण काकू, सिस्टिममध्ये काकांचंच नाव आहे."

"पुस्तक कोणी नेलं ते त्याला कळतं. कोणी वाचलं ते कसं कळणार?"

"बरं, बक्षिसाचं बघू. पण यादी तर संस्थेचीच ना? सभासद होताना काकांनी अर्जावर सही केलीय."

"सही यांनी केली. वाचलं मी." आवाज कापत होता, पण निघाला. "पुस्तकं संस्थेची आहेत. ती वाचताना मी किती घाबरले होते, ते संस्थेचं नाही."

ते पडद्यावरची यादी खाली सरकवत राहिले. मध्येच थांबले.

"अरे बापरे. घटस्फोट? काका?"

"मुदत वाढवून घ्यायलाही आले होते," शेजारच्या टेबलावरून ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्या तिथे फार वर्षं आहेत. "आम्हाला इथे नुसता घोर लागला होता."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शिक्का मीच मारते ना, वहिनी. पण असलं बाहेर बोलायचं नसतं. हे मी आमच्या कार्यवाहांनाही सांगत होते, फ्लेक्सच्या आधी."

कार्यवाहांचे कान लाल झाले. "सॉरी, काकू. आत्ता फोन करतो फ्लेक्सवाल्याला."

ते फोन घेऊन बाहेर गेले, तशा बाई जवळ येऊन बसल्या.

"भाऊ वाचत नाहीत हे मला माहीत होतं. इथे या बाकावर बसायचे. कोणी पुस्तक परत करायला आलं, की त्याला धरायचे. 'कसं आहे? शेवटी कोणी मरत नाही ना?' मरत असेल तर घ्यायचेच नाहीत. लोक हसायचे. मी विचारलं एकदा, तर म्हणाले, ती फार रडते हो, जेवत नाही मग."

मी बाकाकडे बघत राहिले. लग्नानंतर सुरुवातीला एका कादंबरीपायी मी खरंच दोन वेळा जेवले नव्हते. ते मी विसरून गेले होते. आणि गेली कित्येक वर्षं मला वाटत होतं, मराठी कादंबरीला आता बरे दिवस आलेत, लेखक जरा आनंदी झालेत.

बक्षीस दुसऱ्या कोणाला तरी द्या, असं मी सांगितलं. यांचं कार्ड बंद केलं आणि माझ्या नावावर नवं काढलं.

"जुनी यादी तुमच्या कार्डाला जोडू, की पुसू?" बाईंनी विचारलं.

यांच्या एवढ्या दुपारी आणि संध्याकाळी त्या यादीत होत्या. पण बाकावर बसून यांनी कोणाला काय विचारलं, त्याची तिथे एकही ओळ नव्हती.

"पुसा," मी म्हणाले. पडद्यावर 'नक्की?' असं आलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग कपाटांसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, की मला कादंबरी निवडता येत नाही. कधी निवडलीच नव्हती. तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून एक गृहस्थ जाडजूड कादंबरी परत करायला आले. घशाला कोरड पडली होतीच. तरी मी त्यांना बाकापाशी गाठलं.

"जरा विचारू का? यात शेवटी कोणी मरतं का?"

ते आधी दचकले, मग विचार करायला लागले. "मरतो ना एक जण. पण शेवटी नाही हो, मध्येच. त्यानंतर पुस्तक बरंच उरतं."

"द्या," मी म्हणाले.